दिल्लीला मेल टाकण्याआधी

अरे, तुझा मेसेज वाचला. सरांनी पोराला छडीने मारलं, आता थेट राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाला मेल टाकू का म्हणतोस. टाक की, कोणीही टाकू शकतं, वकील लागत नाही. पण समोर कोण बसलंय ते आधी बघ.

हा आयोग 2005 च्या कायद्याने आला आणि 2007 मध्ये सुरू झाला. पहिल्या अध्यक्ष शांता सिन्हा, म्हणजे आंध्रात बालमजूर पोरांना कामावरून सोडवून शाळेत बसवणारी बाई, फाईलवाली नव्हे. आयोग स्वतः कुणाला शिक्षा करत नाही, लोक इथेच गंडतात. मात्र चौकशीत त्याला दिवाणी कोर्टाचे अधिकार असतात, समन्स काढायचं, रेकॉर्ड मागवायचं, ऍफिडेव्हिट घ्यायचं, आणि मग सरकारला शिफारस करायची नाहीतर हायकोर्ट, सुप्रीम कोर्टात जायचं. नुसती शिफारस म्हणून नाक मुरडू नकोस, कागद मागवला की भल्याभल्यांची धावपळ होते.

आणि हो, राज्याच्या बाल हक्क आयोगापुढे चालू असलेल्या प्रकरणात राष्ट्रीय आयोग चौकशी करत नाही, तेव्हा दहा जणांना सीसी ठोकायची तुझी सवय सोड, एकच दार धर. माझं मत विचारशील तर शाळेच्या मारहाणीला आपला राज्य आयोगच बरा, जवळ पडतो. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार मारणंच काय, मानसिक छळही चालत नाही, ते कलम अर्जात लिहीच.

लैंगिक अत्याचाराचं काही असेल तर मात्र आयोगाच्या उत्तराची वाट बघत बसायचं नाही, पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, त्याखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा. मूल आत्ता धोक्यात असेल तर 1098, मुलांची हेल्पलाइन, लाव.

अर्जात तारीख, वर्ग, कुणी बघितलं, डॉक्टरची चिठ्ठी आणि शाळेला दिलेल्या अर्जाची शिक्का मारलेली पोच, एवढं पाहिजे. 'माणुसकीला काळिमा' वगैरे पेपरवाल्यांना राहू दे. पोराच्या पाठीचा तो फोटो ग्रुपवर टाकलायस तो आधी डिलीट कर, सगळ्यांच्या फोनमधून. मग ड्राफ्ट मला पाठव, पोराचं नाव काढून.