चिऱ्यांच्या जुन्या घरात नेटवर्क रॅक : आधी खोलीचं बघा

फोंड्याच्या जुन्या चिरेबंदी घरात तुमच्या पतसंस्थेची शाखा होतेय, जिन्याखालच्या खोलीत रॅक (यंत्रं बसवायची लोखंडी चौकट), नेटवर्कचा स्विच (संगणक एकमेकांना जोडणारा खोका), राउटर आणि यूपीएस बसणार, माल आठवड्यात येतोय, तर आधी काय करून घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. माल येऊ दे. पण अर्थिंग (गळती झालेली वीज जमिनीत नेणारी जोडणी) मोजून होईपर्यंत एकही खोका फोडू नका.

म्हापशातल्या एका ऑफिसात मला असंच बोलावलं होतं. मेअखेरच्या पहिल्याच गडगडाटात 24 पोर्टच्या (केबल खोचायच्या खाचांच्या) स्विचचे निम्मे पोर्ट गेलेले. रॅकच्या सॉकेटवर न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटर लावला, तर 38 व्होल्ट! एरवी हे 2-3 च्या आत असतं. सॉकेट उघडलं तर अर्थिंगची हिरवी तार जागेवर, स्क्रू घट्ट. ती तार धरून मागेमागे गेलो, तेव्हा मीटरच्या फळीमागे ती गिलाव्यातच संपलेली दिसली. जमिनीपर्यंत गेलीच नव्हती. रोज त्या रॅकला हात लावणाऱ्या माणसांचा विचार मनात आला आणि अंगावर काटा आला.

म्हणून लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून अर्थ टेस्टरने मोजून घ्या. अर्थिंगचा रोध 5 ओहमच्या वर आला तर मी रॅकला वीज देत नाही. आत्ता मे महिना आहे ते बरंच झालं. जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडीठाक असते, तेव्हाचा आकडा खरा. जुलैत भिजलेल्या मातीत अर्थिंगचा तोच खड्डा छान आकडा दाखवतो आणि आपण फसतो. रॅकसाठी वेगळा खड्डा मारलात, तरी तो घराच्या मुख्य अर्थिंगला जोडलेलाच हवा. दोन अर्थिंग तुटक राहिली तर वीज पडल्यावर त्यांच्यातला व्होल्टेजचा फरक तुमच्या यंत्रांतून वाट काढतो. मागच्या आउटहाउसपर्यंत केबल न्यायची असेल तर तांब्याची नको, फायबर टाका, त्यातून वीज जात नाही.

आता भिंत. चिरा म्हणजे जांभ्याचाच दगड, सच्छिद्र असतो, साधा अँकर फास्टनर (भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट) त्यात जागच्या जागी फिरत राहतो. भिंतीवरचा रॅक असेल तर आरपार बोल्ट घालून पलीकडे पट्टी द्या, किंवा केमिकल अँकर (भोकात रसायनाने चिकटवलेला बोल्ट) वापरा. यूपीएसचं वजन भिंतीवर टाकूच नका. त्याला खाली फूटभर उंचीचा कट्टा करा, पाणी आलं तर आधी जमिनीवर येतं.

ओल कुठे येते ते घरमालकाला विचारू नका, शेजाऱ्याला विचारा. कौलांची पागोळी ज्या भिंतीलगत पडते ती सोडा. बाहेरून येणारी केबल आत शिरण्याआधी खाली झोळ देऊन वर घ्या, म्हणजे पाणी झोळावरून गळून जाईल. भोक बुजवायला विसरू नका, उंदीर-पाली तिथूनच येतात.

एसी असेल तर त्याचं इनडोअर युनिट आणि ड्रेन पाइप रॅकच्या डोक्यावर नको. एसी 24-25 अंशांवर ठेवा. 18 वर ठेवून पावसात दार उघडलंत की दमट हवा आत येते आणि गार पत्र्यावर दव धरतं. एसी नसेल तर जिन्याखालची बंद खोली रद्द करा. यंत्रं 500 वॅट खात असतील तर तेवढी सगळी उष्णता त्या खोलीतच साठणार.

रॅकसमोर मीटरभर मोकळी जागा, दाराशी सीओटू फायर एक्स्टिंग्विशर, डेटा आणि विजेच्या केबल वेगवेगळ्या पाइपात, एवढं झालं की कंत्राटदाराला बोलवा. अर्थिंगचे आकडे आले की इथे टाका, मी बघतो.