बझ बार्टनवर लिहिताना

चि. मित्रा,

अमेरिकन मूकपटांतला काउबॉय पोर बझ बार्टन याच्यावरच्या लेखाचा खर्डा वाचला. ‘मुलगा मोठा झाला आणि पडद्यावरून गेला’ हे वाक्य आधी खोड. ऐकायला छान आहे, पण तारखांशी जुळत नाही.

त्याचा जन्म 1913चा, मिझुरीतला. एफबीओ या अमेरिकन चित्रपट कंपनीने 1927 मध्ये त्याचे मुख्य भूमिकेतले दोन मूकपट काढले, 1928 मध्ये आठ, 1929 मध्ये चार. दिग्दर्शक सगळीकडे लुई किंग. याच्या शेजारी कंपनीचा इतिहास मांडून बघ. ऑक्टोबर 1928 मध्ये एफबीओ विलीन होऊन आरकेओ झाली आणि आरकेओचा सगळा भर बोलपटांवर होता. जुना मूक माल 1929 मध्ये खपवला, की मालिका बंद. टॉम मिक्स, टॉम टायलर, बॉब स्टील हे मोठे नटही त्याच सुमारास तिथून बाहेर पडले. मग एकट्या बार्टनच्या बाबतीत वयाला दोष का द्यायचा? शिवाय तो ‘गेला’ही नाही, 1930च्या दशकात स्वस्त वेस्टर्नमध्ये (काउबॉयपटांत) दुय्यम कामं करत राहिला.

पुरावा शोधायला मीडिया हिस्टरी डिजिटल लायब्ररीचं ‘लँटर्न’ वापर, म्हणजे जुन्या चित्रपटविषयक नियतकालिकांत शोध घेण्याची ऑनलाइन सोय. एकाच नावावर थांबू नकोस: आधीच्या कामांत तो बिली लामार किंवा रेड लेनॉक्स म्हणून दिसतो. जुन्या छपाईच्या स्कॅनमध्ये अक्षरं चुकतात, म्हणून नावाने काही सापडलं नाही तर चित्रपटाच्या शीर्षकाने शोध. चित्रपटधंद्याच्या साप्ताहिकांतली आगाऊ जाहिरात पुरावा म्हणून धरू नकोस. घोषणेनंतर शीर्षकं बदलत, तारखा पुढे जात. ‘एक्झिबिटर्स हेरल्ड’ या अशाच साप्ताहिकात गावोगावचे थिएटरमालक चित्रपट कसा चालला ते स्वतः कळवत, माझ्या मते तुझ्या लेखाचा खरा ऐवज तिथे आहे. मात्र तक्रार करणारा माणूस जास्त लिहितो, हे धरून वाच.

लांबी मिनिटांत देऊ नकोस. 35 मिमी फिल्मच्या एका फुटात 16 चौकटी (फ्रेम) असतात. पाच रिळं म्हणजे साधारण 5000 फूट, 80,000 चौकटी. सेकंदाला 24 चौकटींनी चालवल्या तर सुमारे 56 मिनिटं, 20ने चालवल्या तर सुमारे 67. संकेतस्थळावर दिसणारा ‘50 मिनिटं’ हा आकडा बहुधा कुणीतरी केलेला हिशेब असतो. फूट लिही, म्हणजे वाद उरत नाही.

चित्रपट न पाहता अभिनयावर मत देऊ नकोस. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या 2013च्या पाहणीनुसार अमेरिकन पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी सुमारे 70 टक्के नष्ट झाले आहेत. जे पाहायला मिळेल त्यात एवढं तपास: पोराला नायिका जिंकायची नसते आणि धिप्पाड खलनायकाला ठोशाने लोळवताही येत नाही, मग प्रसंग कशावर उभा केलाय? घोडेस्वारी, गोफण, सोबतीचा म्हातारा? सोबत्याच्या भूमिका करणारा नट फ्रँक राईस दिसला की कथेतलं मोठ्यांचं काम कोण करतं ते कळेल.

दोन घोटाळे टाळ. बार्टनच्या नावाची डेझी कंपनीची एअर रायफल (हवेच्या दाबाची छर्र्यांची बंदूक) ही मूकपटांची मालिका संपल्यानंतर, 1930च्या दशकात बाजारात आली; तिच्यावरून पडद्यावरच्या यशाचा काळ ठरवू नकोस. आणि 1940च्या सुमाराचा बालनट बझी हेन्री हा वेगळाच मुलगा.

पैशांविषयी अंदाज नको. बालकलाकारांच्या कमाईला संरक्षण देणारा कॅलिफोर्नियाचा कूगन कायदा 1939चा, म्हणजे या मालिकेनंतर दहा वर्षांनी. एवढंच खात्रीने लिहिता येतं.

पुढच्या खर्ड्यात चौदाही चित्रपटांपुढे फूट, प्रदर्शनाची तारीख आणि ती कोणत्या अंकातून घेतली ते नोंदव.

सस्नेह आशीर्वाद.