लग्न न करता दोघांनी मिळून घेतलेला फ्लॅट. आता वेगळं होताना वाटणी कशी करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सहा-सात वर्षं एकत्र राहिलात, लग्न केलं नाही, फ्लॅटही दोघांच्या नावावर आणि कर्जही. आता तो म्हणतोय, पाच लाख घे आणि बक्षीसपत्र करून दे. करू का?

बक्षीसपत्र करू नका. बाकीचं सावकाश सांगते.

मी वकील नाही, पण 2022 साली यातूनच गेले आणि वर्षभर हेच कागद उशाशी घेऊन झोपले. कोल्हापुरात देवकर पाणंदीत आमचा टू बीएचके होता, 2016 साली 32 लाखांना घेतलेला. बिल्डिंगमधल्यांच्या लेखी आम्ही नवरा-बायकोच. हळदीकुंकवाचं बोलावणं यायचं, मीही जायचे. कायद्याच्या लेखी मात्र आम्ही दोन सहमालक, बास. त्यामुळं फॅमिली कोर्टाचा इथं संबंध येत नाही. वाद गेलाच तर दिवाणी न्यायालयात, वाटपाचा दावा म्हणून.

आता बक्षीसपत्राचं. बक्षीस म्हणजे मोबदला न घेता दिलेलं. तुम्ही पाच लाख घेणार आणि कागदावर एक रुपयाही घेतला नाही असं लिहून देणार. त्यातले दोन आज, तीन 'दिवाळीनंतर' असं ठरलं, तर दिवाळीनंतर कुठल्या कागदावर मागणार? शिवाय राहतं घर नवऱ्याला किंवा बायकोला बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क नाममात्र लागतं, ती सवलत तुम्हाला नाही. आणि प्राप्तिकराच्या 'नातेवाईक' यादीत लग्नाशिवायचा जोडीदार बसत नाही, म्हणून 50 हजारांपेक्षा जास्त किमतीची मिळकत अशी फुकट मिळाली तर ती त्याच्या उत्पन्नात धरली जाते. हे त्याला शांतपणे सांगा. आमच्याकडं तरी एवढं ऐकल्यावर आवाज खाली आला होता.

तुम्हाला करायचंय ते हक्कसोडपत्र, म्हणजे आपला हिस्सा दुसऱ्या सहमालकाच्या नावे सोडल्याचा कागद; नोंदणी केलेलं, मोबदल्याचा आकडा आणि चेकचा नंबर लिहून. आत्यानं वडिलांच्या नावे हक्कसोड केल्याचं घरोघरी ऐकलेलं असतं, अगदी किरकोळ खर्चात. ती सवलत वडिलोपार्जित मिळकतीला आणि ठरावीक नात्यांनाच आहे. आपल्याला हिश्श्याच्या बाजारभावावर खरेदीपत्रासारखंच मुद्रांक शुल्क पडतं, वर नोंदणी फी 1 टक्का, जास्तीत जास्त 30 हजार. हा खर्च कुणाचा, हे आधीच ठरवा. आम्ही ते शेवटाला ठेवलं आणि ठरलेला सौदा तिथंच मोडता मोडता राहिला.

हिस्सा किती, हा खरा भांडणाचा मुद्दा. खरेदीपत्रात टक्केवारी लिहिली असेल तर तिथूनच सुरुवात. नसेल तर मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 चं कलम 45 बघा: ज्यानं किमतीत जितके पैसे घातले त्या प्रमाणात हिस्सा, आणि कुणी किती घातले याचा पुरावाच नसेल तर निम्मे-निम्मे धरायचे. म्हणून डाऊन पेमेंटच्या वेळचं बँक स्टेटमेंट आजच काढून ठेवा. आणि तो जर म्हणाला, 'पैसे सगळे माझे, तुझं नाव नुसतं नावाला', तर ते बोलणं त्यालाच जड जाईल. आपल्या पैशानं दुसऱ्याच्या नावावर घेतलेली मिळकत म्हणजे बेनामी, आणि त्या कायद्यात नवरा-बायकोसाठी सूट आहे, लग्नाशिवायच्या जोडीदारासाठी नाही.

आमचा हिशोब सांगते, रंकाळ्यावर संध्यामठासमोर बसून लाईटबिलाच्या मागच्या बाजूला मांडलेला. डाऊन पेमेंट 8 लाख: माझे 6, त्याचे 2. कर्ज 24 लाख, साडेनऊ टक्क्यांनी, 20 वर्षांचं. हप्ता साधारण 22,400, त्याच्या खात्यातून जायचा. किराणा, घरफाळा, मेंटेनन्स माझ्याकडं. तो म्हणाला, "मी सोळा लाख भरले, तू सहा." आकडा खोटा नव्हता, 72 हप्ते झालेच होते. पण बँकेचा उतारा काढला तर शिल्लक पावणेएकवीस लाख! म्हणजे सोळा लाख भरून मुद्दल फिटलं जेमतेम सव्वातीन, बाकी सगळं व्याज. मी म्हटलं, ते व्याज म्हणजे आपण दोघं जिथं राहिलो त्याचं भाडं समज, आणि त्या घरात दोन वेळचं जेवण माझ्या पैशाचं होतं. यावर तो बराच वेळ पाण्याकडं बघत बसला.

फ्लॅटचा तेव्हाचा भाव 41 लाख. त्यातून कर्ज वजा केलं की सव्वावीस. आधी ज्याचं त्याला परत: माझे 6, त्याचे 2 आणि फिटलेलं मुद्दल सव्वातीन. उरलेले 9 निम्मे-निम्मे. माझ्या वाट्याला साडेदहा येत होते, मी 10 वर सही केली. कोर्टानं असंच केलं असतं असं नाही. कर्जाचे पैसे दोघांचे धरायचे की हप्ता भरणाऱ्याचे, यावर वकील दिवसभर बोलू शकतात.

माझी चूक पुढं झाली. बँकेनं हक्कसोडीला हरकत नसल्याचं पत्र दिलं आणि मी सुटले असं समजून सही करून आले. त्या पत्रात मला कर्जातून मुक्त केल्याचा शब्द नव्हता. फ्लॅटवरून नाव गेलं, कर्जावर तसंच राहिलं. आठ महिन्यांनी स्वतःसाठी कर्ज मागायला गेले तर सिबिलवर वीस लाखांचं देणं, अर्ज नामंजूर. त्याच्या दोन हप्त्यांच्या उशिराचा डागही माझ्या नावावर. तुमचं नातं संपलं म्हणून बँकेला काही फरक पडत नाही, तिच्या दृष्टीनं पूर्ण कर्जाला दोघंही जबाबदार. तेव्हा आधी त्याच्या एकट्याच्या पगारावर कर्ज मंजूर होतंय का ते बघायचं, तुम्हाला सहकर्जदार म्हणून वगळल्याचं लेखी घ्यायचं, आणि मगच दुय्यम निबंधकाकडं जायचं.

तिथं काऊंटरवरच्या माणसानं विचारलं होतं, "नातं काय?" मी म्हटलं, "सहमालक." त्यानं एकदा दोघांकडं बघितलं आणि अंगठ्याचं मशीन पुढं सरकवलं.

तो अडूनच बसला तर कोर्टात दावा, आमच्याकडं तो कसबा बावड्याला. दोन खोल्या तुला, एक त्याला, अशी फ्लॅटची वाटणी होत नाही. 1893 च्या वाटप कायद्याप्रमाणं निम्मा किंवा जास्त हिस्सा असलेल्यानं मागणी केली तर कोर्ट विक्रीचा आदेश देऊ शकतं, आणि दुसऱ्याला कोर्टानं ठरवलेल्या किमतीला तो हिस्सा विकत घेता येतो. म्हणजे वर्षानुवर्षं तारखा करून पोचायचं तिथंच, जिथं आम्ही रंकाळ्यावर तासाभरात पोचलो. (ऑगस्ट 2025 पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आलंय, हायकोर्टासाठी मुंबईला जायला महालक्ष्मी एक्सप्रेसचं तिकीट काढायला नको, एवढंच सुख.) त्यानं कुलूप बदलून बाहेर काढलं तर मात्र थांबू नका. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लग्नासारख्या नात्यातल्या बाईलाही राहत्या घराचं संरक्षण मागता येतं. मालकी त्यानं ठरत नाही, डोक्यावरचं छप्पर टिकतं.

मिळालेल्या पैशावर भांडवली नफ्याचा कर बसू शकतो, सही करण्याआधी सीएला दाखवा.

सामानावरून फार ताणू नका. आम्ही फ्रिज-सोफ्यावर दोन मिनिटं घालवली आणि माझ्या आजीच्या तांब्याच्या बंबावर तीन आठवडे. पावती कुठली असणार? शेवटी त्याच्या आईनंच तो रिक्षात घालून पाठवला.

आज एवढंच करा: बँकेतून शिल्लक कर्जाचा दाखला आणा आणि तुमच्याच बिल्डिंगमधला शेवटचा फ्लॅट कितीला गेला ते विचारा. वजाबाकी करा आणि त्याचे पाच लाख तिच्याशेजारी लिहून बघा.