पंचवीस टक्क्यांचा अर्ज भरताय? मग हे वाचा

ताई, शिक्षण हक्क कायद्याने (आरटीई) खासगी शाळांत गरीब आणि मागास घरच्या मुलांसाठी पंचवीस टक्के जागा मोफत राखीव असतात, लॉटरीने मिळतात; हा त्याचाच अर्ज. पहिलं म्हणजे दाखले. उत्पन्न गटातून भरणार असाल तर वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या आत असल्याचा तहसीलदारांचा दाखला लागतो. जातीच्या दाखल्यावर भरलात तर उत्पन्नाची अट नाही. भाड्याने राहत असाल तर करारनामा नोंदणीकृतच हवा. शंभराच्या स्टँपवरचा नोटरी करार घेऊन पडताळणीला गेलेले आमच्या चाळीतलेच एक भाऊ लॉटरीत नाव लागूनही हात हलवत परत आले.

ऑनलाइन अर्जातल्या नकाशावर घराचा फुगा, म्हणजे जागेची खूण, नेमका आपल्याच दारावर टेकवा. घरापासून शाळेचं अंतर त्यावरूनच मोजतात. घाईत गल्ली चुकली की संपलं.

‘एक किलोमीटरात सरकारी शाळा असेल तर खासगीत नाही’ असं कुणी सांगेल. नियमातला २०२४ च्या फेब्रुवारीतला तो बदल उच्च न्यायालयाने जुलैतच रद्द केला.

आणि हो, फुकट फक्त आठवीपर्यंत. नववीची पूर्ण फी तुमच्या माथी, तिचा हिशोब आजच मांडा. नंबर नाहीच लागला तर रडू नका. जवळच्या जिल्हा परिषद शाळेत एक दिवस जाऊन बसा, बाई मुलांकडून वाचून घेतात का तेवढं बघा. माझी धाकटी तिथेच शिकली.