स्पीकरच्या पॉवरची पिन हलवली की तो बंद पडतो. सोल्डरिंग कधीच केलेलं नाही, घरी दुरुस्त करायला जमेल का?

जमेल, पण एक बघून घ्या. स्पीकर बाहेरच्या अ‍ॅडॅप्टरवर चालत असेल तरच तो उघडा. घरातल्या विजेची वायर थेट आत जात असेल तर पहिल्याच दुरुस्तीला त्याच्या वाटेला जाऊ नका. २३० व्होल्टच्या सप्लायमधला मोठा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) ३२५ व्होल्टपर्यंत भरतो आणि प्लग काढल्यावरही काही वेळ तसाच भरलेला राहू शकतो.

उघडण्याआधी तेवढ्याच व्होल्टचा, त्याच पोलॅरिटीचा (धन-उणे बाजू तशाच असलेला) दुसरा अ‍ॅडॅप्टर लावून बघा. कित्येकदा वायरच प्लगच्या मुळाशी आतून तुटलेली असते.

तरीही तेच होत असेल तर अ‍ॅडॅप्टर काढा, आत बॅटरी असल्यास तिचा कनेक्टर सोडवा आणि बोर्ड उलटा करून भिंगातून जॅकच्या, म्हणजे अ‍ॅडॅप्टरची पिन जिथे खुपसतो त्या सॉकेटच्या, पिना बघा. जॅक बोटाने हळूच हलवा. सुटलेली पिन सोल्डरच्या आत सैल दातासारखी हलते आणि तिच्याभोवती केसाएवढी गोल भेग दिसते. तोच तुमचा बिघाड.

माझा पहिला जोड एका रेडिओच्या हेडफोन जॅकचा होता. मी सोल्डर बिटवर, म्हणजे सोल्डरिंग आयर्नच्या तापलेल्या टोकावर, वितळवून घेतलं आणि थेंबासारखं पिनवर ठेवलं. छान गोल गोळी झाली, दोन दिवस टिकली आणि सुटली. पिन आणि तिच्याभोवतीची तांब्याची चकती दोन्ही थंड होती, त्यामुळे सोल्डर त्यांना धरलंच नव्हतं, नुसतं वर बसलं होतं. यालाच ड्राय सोल्डर म्हणतात. म्हणून बिट पिन आणि चकती या दोघांना एकदम टेकवा, दोन सेकंद थांबा आणि सोल्डरची तार बिटला न लावता पिनेच्या दुसऱ्या बाजूला लावा. पिन पुरेशी तापली असेल तर सोल्डर आपणहून पसरतं आणि उताराचा, चकचकीत जोड तयार होतो. आधी तार काढा, मग बिट, आणि जोड थिजेपर्यंत बोर्ड हलू देऊ नका.

हे आधी एखाद्या भंगार बोर्डावर वीस-तीस वेळा करा. सुरुवातीला ६०/४० चं (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं), आत फ्लक्स (सोल्डर नीट पसरायला मदत करणारा पदार्थ) असलेलं ०.८ मिलिमीटरचं सोल्डर घ्या. ते १९० अंशांच्या आसपास पूर्ण वितळतं, बिट मात्र ३५० च्या जवळ ठेवा. फ्लक्सचा धूर होतो, म्हणून खिडकी उघडी ठेवा, आणि सोल्डरमध्ये शिसं असतं, म्हणून नंतर हात साबणाने धुवा.

खरी अडचण जॅकच्या उणे पिनेला येते. ती तांब्याच्या मोठ्या पट्ट्याला जोडलेली असल्यामुळे सगळी उष्णता तिकडे ओढली जाते आणि सोल्डर वितळता वितळत नाही. अशा वेळी नवशिका बिट जोरात दाबतो आणि चकतीच बोर्डावरून उखडते. दाबू नका. रुंद तोंडाचं बिट घ्या, थोडा फ्लक्स लावा आणि जुन्या सोल्डरमध्ये थोडं नवं मिसळा.

अ‍ॅडॅप्टर लावण्याआधी मल्टिमीटर बीपवर (दोन टोकं जोडलेली असली की वाजतो त्या सेटिंगवर) ठेवून जॅकच्या धन आणि उणे पिना तपासा. क्षणभर वाजून थांबला तर तो कपॅसिटर भरतोय, सलग वाजत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. तिसरी पिन उणेशी वाजली तर घाबरू नका. बहुतेक जॅकमध्ये प्लग नसताना ती आतून उणेला जोडलेलीच असते.