आंरी द ला रोशजाक्लँच्या प्रसिद्ध चित्रात त्याने घातलेला गणवेश खरा आहे का?

नाही, तो ठरावीक लष्करी गणवेश नव्हेच. फ्रेंच क्रांतीविरुद्ध 1793 साली पश्चिम फ्रान्समधील व्हाँदे प्रांतात उठलेल्या राजनिष्ठ फौजेचा आंरी हा एक सेनानी; ही फौज बहुतांशी शेतकऱ्यांची होती. त्यांना सरकारी गणवेश कुठून मिळणार? ओळखीसाठी छातीवर कापडी 'पवित्र हृदय' (येशूच्या हृदयाचे कॅथलिक प्रतीक) आणि त्यावर क्रूस, राजघराण्याचा पांढरा रंग आणि शोले गावचे लाल रुमाल, एवढेच. चित्रात तेच दिसते.

ते रेखाटले पिएर-नार्सिस गेरँने 1817 मध्ये. आंरी जानेवारी 1794 मध्येच, अवघ्या 21व्या वर्षी मारला गेला होता. म्हणजे तो चित्रकारासमोर बसलाच नव्हता! राजसत्ता परतल्यावर राजा अठराव्या लुईने व्हाँदेच्या सेनानींची चित्रे मुद्दाम रंगवून घेतली, त्यांतले हे एक. त्यामुळे चेहऱ्यापेक्षा खुणांवर जास्त विश्वास ठेवा. मला त्यात सर्वांत प्रभावी वाटतात त्या समोरून रोखलेल्या संगिनी: शत्रू दिसत नाही, पोलाद तेवढे दिसते. एक हात झोळीत अडकवलेला हा पोरसवदा सेनापती दुसऱ्या हाताने पिस्तूल रोखून उभा आहे.

मूळ चित्र शोलेच्या संग्रहालयात आहे. फ्रान्सला गेलात तर जरूर पाहा.