इथॉस, पॅथॉस, लोगॉस पाठ आहेत, पण उतारा समोर आला की ओळखता येत नाहीत. काय करू?

तुम्ही लिहिलंय की मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला आहात, व्याख्या तोंडपाठ आहेत (इथॉस म्हणजे बोलणाऱ्यावरचा विश्वास, पॅथॉस म्हणजे ऐकणाऱ्याच्या भावना, लोगॉस म्हणजे तर्क आणि पुरावा), पण पेपरात भाषण किंवा जाहिरात आली की यातलं कुठलं कुठे ते सुचत नाही. मी भाषेचा प्राध्यापक वगैरे नाही, पण २००९-१० च्या सुमारास दीड वर्ष डोंबिवलीत दारोदार फिरून वॉटर प्युरिफायर विकलेत, त्यामुळे या विषयाचं प्रॅक्टिकल माझं तुमच्यापेक्षा जास्त झालंय असं धरून चालू.

आमचा डेमो सांगतो. बेल वाजवायची आणि दोन पावलं मागे सरकून उभं राहायचं (दाराला चिकटून उभा असलेला माणूस विकायला आलेला वाटतो, हे ट्रेनिंगमध्येच शिकवलेलं), गळ्यात आयकार्ड, शर्ट इन केलेला आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "काकू, काही विकायला नाही आलो, तुमच्या एरियातलं पाणी चेक करतोय फक्त." मग ओट्यावर काचेचे दोन ग्लास ठेवायचे, एकात त्यांच्या नळाचं पाणी आणि दुसऱ्यात आमच्या आरओ मशीनचं, बाटलीतून आणलेलं. वर एक छोटंसं यंत्र, त्याला खाली चार सळ्या, बटण दाबलं की दोन्ही ग्लासांत करंट. मिनिटभरात नळाचं पाणी पिवळं, मग तपकिरी, मग वर घाणेरडा फेस, अक्षरशः गटार. आमचं पाणी मात्र जवळजवळ होतं तसंच. या सगळ्यात मी एक अक्षर बोलायचो नाही. काकूच म्हणायच्या, "अगंबाई, हे पितो आम्ही?" आणि नेमकं तेव्हा मी हॉलमध्ये खेळणाऱ्या त्यांच्या नातवाकडे बघायचो. बस्स.

आता तुमच्या पुस्तकाप्रमाणे लेबलं लावायची तर सोपंय. आयकार्ड आणि "विकायला नाही आलो" हा इथॉस, म्हणजे माझ्यावर विश्वास बसावा म्हणून केलेली सोय. नातवाकडे बघणं हा पॅथॉस. ग्लास म्हणजे पुरावा, सबब लोगॉस. एवढं लिहिलंत तरी मार्क मिळतील बहुतेक. पण ग्लासाचं खरं काय होतं ते ऐका. त्या सळ्यांतल्या दोन लोखंडाच्या होत्या. पाण्यात क्षार असले की करंट वाहतो, लोखंड झिजतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. तो तपकिरी राडा नळातून आलेलाच नव्हता, आमच्या सळीतून आला होता. आरओच्या पाण्यात क्षार फारसे उरलेले नसतात म्हणून करंट नीट वाहत नाही म्हणून पाणी स्वच्छ दिसतं, एवढीच जादू. आणि क्षार म्हणजे घाण नव्हे, पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार चालतात, तिथलं नळाचं पाणी तर त्याच्या खूपच खाली असायचं. मला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं हो, आम्हाला सांगितलेलं की करंटने घाण वेगळी होते, आणि मी ते मनापासून मानायचो. म्हणूनच चांगला विकायचो.

मग एकदा एका घरात रिटायर्ड केमिस्ट्रीचे सर निघाले. त्यांनी सगळा डेमो शांतपणे बघितला, आत जाऊन चिमूटभर मीठ आणलं, माझ्या बाटलीतल्या पाण्याचा नवा ग्लास भरला, त्यात मीठ ढवळलं आणि म्हणाले, "आता लाव." लावलं. माझं पाणी त्यांच्या नळाच्या पाण्यापेक्षा काळं झालं. ओरडले नाहीत, चहा दिला, आणि जाताना म्हणाले की तू खोटं काहीच बोलला नाहीस, फक्त एक वाक्य तू माझ्याकडून म्हणवून घेत होतास.

ते वाक्य होतं, "तपकिरी म्हणजे घाण." मी ते कधीच उच्चारलं नव्हतं. प्रत्येक काकूने ते स्वतःच मनात म्हटलं होतं, आणि स्वतः काढलेल्या निष्कर्षावर माणूस शंका घेत नाही. खूप वर्षांनी वाचताना कळलं की ॲरिस्टॉटलने याला नावसुद्धा देऊन ठेवलंय, एन्थिमीम. म्हणजे असा युक्तिवाद ज्यातली एक पायरी बोलणारा गाळतो आणि ऐकणारा भरतो. तो तर याला मन वळवण्याच्या कलेचा गाभाच मानतो. गंमत म्हणजे तुमच्या त्रिकुटाच्या नोट्समध्ये हा शब्द बहुतेक नसतोच.

त्यामुळे माझी पद्धत अशी, उतारा आला की आधी लेबलं शोधू नका, न बोललेलं वाक्य शोधा. ते सापडलं की आपोआप कळतं की ते भरायला आपल्याला कशाने तयार केलं, भीतीने, बोलणाऱ्यावरच्या भरवशाने की खरोखरच्या कारणाने. आणि तिन्ही एकाच वाक्यात असू शकतात, तसं लिहायला घाबरू नका. माझा ग्लास दिसायला लोगॉस होता, काम पॅथॉसचं करत होता.

याचं जुनं उदाहरण सॉक्रेटिसचं. अथेन्समध्ये वकील नसायचे, आरोपीनेच शेकडो ज्युरींसमोर बोलायचं, आणि बायकापोरांना कोर्टात आणून रडवायची तर रीतच पडलेली. इ.स.पू. ३९९ च्या खटल्यात, प्लेटोने लिहिल्याप्रमाणे, सॉक्रेटिस म्हणतो की मलाही तीन मुलगे आहेत, एक वयात येतोय, दोन लहान आहेत, पण त्यांना इथे आणून मी तुमच्याकडे दयेची भीक मागणार नाही. आता सांगा, हा पॅथॉस नाकारला की वापरला? मुलं तर ज्युरींच्या डोळ्यांसमोर आली ना! मला विचाराल तर दोन्ही, आणि वर "हा माणूस भीक मागत नाही" असा इथॉस फुकटात. 'मी त्याबद्दल बोलणारच नाही' म्हणत नेमकं तेच बोलायचं, ही युक्ती आपल्या सोसायटीच्या मीटिंगमध्येही दर महिन्याला ऐकू येते.

मराठीतलं घ्यायचं तर टिळकांचं वाक्य घ्या, "स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे आणि तो मी मिळवणारच." लहानपणापासून इतकं ऐकलंय की आपण ते वाचतच नाही. कारण कुठे दिलंय त्यात? 'जन्मसिद्ध' या शब्दातच संपवून टाकलंय, सिद्ध म्हणजे आधीच शाबीत झालेलं, मग पुरावा कसला मागताय! 'आपला' न म्हणता 'माझा' म्हटलंय, त्यामुळे जो कोणी ते मोठ्याने म्हणेल त्याचं ते स्वतःचं होतं. आणि शेवटचा 'च'. तो काढून बघा, "तो मी मिळवणार", हवाच गेली. एका अक्षरात एवढं काम करणारा हा प्रकार आपल्याकडे आहे आणि आपण मात्र ग्रीक शब्द पाठ करत बसतो. ॲरिस्टॉटल म्हणतो की इथॉस भाषणातूनच तयार व्हायला हवा, आधीच्या नावलौकिकातून नाही. इथे मात्र मला तो पटत नाही, कारण १९०८ ते १९१४ मंडालेत काढून आलेला माणूस 'मिळवणारच' म्हणतो तेव्हा त्या 'च'ला वजन बाहेरूनच येतं. तेच वाक्य माझ्यासारख्याने आयकार्ड घालून म्हटलं तर हसतील लोक.

आणि १८९७ मध्ये पुण्यातल्या प्लेगनंतर, रँडच्या खुनानंतर केसरीत आलेलं शीर्षक, "सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?" याला नुसतं 'ऱ्हेटॉरिकल क्वेश्चन', म्हणजे उत्तराची अपेक्षा नसलेला प्रश्न, एवढंच लिहून सोडू नका. सरकार वेडं झालंय असं यात कुठेच म्हटलेलं नाही, ते वाचणाऱ्याने म्हणायचं. परत तेच, ग्लासातलं तपकिरी पाणी, फक्त इथे गंज सळीचा नव्हता.

अतिशयोक्ती, चेतनगुणोक्ती वगैरे अलंकार शाळेत झालेतच, त्यावर वेळ घालवत नाही. अत्र्यांचं 'गेल्या दहा हजार वर्षांत' आठवलं तरी पुरे. त्यापेक्षा प्रॅक्टिससाठी रविवारच्या पेपरातल्या फ्लॅटच्या जाहिराती घ्या, त्याच्याइतकं चांगलं गाइड नाही. "स्टेशनपासून फक्त ५ मिनिटं" असं असतं बघा त्यात. 'चालत' हा शब्द त्यांनी लिहिलेला नसतो, तो तुम्ही घातलेला असतो.